जागा चुकलेला वृषण आणि त्याचे चित्र

विषयाचे नाव ऐकून काही मंडळी जरा सावरून बसली, हे मी पाहिले. परंतु या संकोचापायी मुलांचे उपचार वर्षानुवर्षे लांबतात. म्हणून उघड बोलणे भाग आहे.

वृषण मुळात पोटात, मूत्रपिंडाच्या आसपास तयार होतो आणि जन्मापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत जांघेतील वाटेने अंडकोशात उतरतो. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांत हा प्रवास अपुरा राहतो. पुष्कळांचा पुढे काही महिन्यांत आपोआप पुरा होतो. क्वचित मात्र वाटच चुकते. डावा वृषण उजवीकडे जातो आणि दोघे एकाच घरात बिऱ्हाड करतात! डावी पिशवी रिकामी, उजवीकडे अंतर्गळ. लेनहोसेक याने १८८६ मध्ये असा प्रकार नोंदवला.

पूर्वी हे बहुधा शस्त्रक्रियेच्या मेजावरच कळे. काही मुलांत त्याबरोबर लहानसे गर्भाशयही सापडते. आईबापांनी घाबरू नये. मुलगा मुलगाच असतो. गर्भाशयाचा अंकुर जिरवणारा वृषणाचा रस गर्भावस्थेत तयार झाला नाही, किंवा लागू पडला नाही, एवढेच.

ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ध्वनिलहरींनी पोटातील चित्रे दाखवली. आजची सोनोग्राफी त्याच घराण्यातली. एका जांघेत दोन सारखे लंबगोल दिसले की शल्यविशारद आधीच सावध होतो आणि चुकार वृषण मधल्या पडद्यातून पलीकडे बसवण्याची तयारी ठेवतो. गर्भाशयाचा संशय असल्यास एमआरआय उपयोगी पडते. तीत क्ष-किरण नाहीत. पण तान्ह्याला निश्चल ठेवण्यासाठी बहुधा गुंगी द्यावी लागते.

आता खरी मेख. ‘चित्रात दिसला नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असे समजू नका. आतड्यांतील हवेपुढे ध्वनिलहरींचे चालत नाही. आक्रसलेला वृषण एमआरआयलाही चुकवतो. म्हणूनच नुसती पिशवी रिकामी दिसली की लगेच सोनोग्राफी, अशी रीत जाणते डॉक्टर ठेवत नाहीत. आधी अनुभवी बोटे चाचपतात. हाताला काहीच लागले नाही, तर पोटात दुर्बीण घालून पाहतात; रक्तवाहिन्या कुठे संपतात ते तिथे प्रत्यक्ष दिसते.

बाळाला न्हाऊ घालताना पिशवी रिकामी वाटली, तर सहाव्या महिन्यापर्यंत वाट पाहावी, पुढे नाही. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत झालेली बरी. पोटातील उष्णतेत वृषणाची बीजशक्ती झिजत जाते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो.