दोन भागधारकांची कंपनी

पुण्यात १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. नानासाहेब परुळेकरांनी ‘सकाळ’ काढला. मराठी पत्रे तेव्हा अग्रलेखाच्या जोरावर चालत. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांचा भर मात्र बातमीवर, त्यातही गावातल्या बातमीवर. वाचकाला ते मानवले.

अंक घेणाऱ्याला एका गोष्टीची क्वचितच कल्पना असे. १९६० साली ‘सकाळ पेपर्स प्रायव्हेट लिमिटेड’ या कंपनीचे भागधारक दोनच होते, नानासाहेब आणि त्यांच्या पत्नी शांताबाई.

त्याच वर्षी केंद्र सरकारने वृत्तपत्राची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा आदेश काढला. ‘सकाळ’ सात नव्या पैशांना विकला जाई. रविवार सोडून आठवड्याची पाने चौतीस. त्या किमतीत चोवीसच पानांची मुभा होती. म्हणजे एकतर पाने कापा, नाहीतर अंक आठ पैशांना विका. मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपासून छोट्यांना वाचवायचे आहे, असे सरकारचे म्हणणे. हेतू वरकरणी भला. पण किती मजकूर किती पैशांत द्यायचा, हे दिल्लीने का ठरवावे?

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. अभिव्यक्तिस्वातंत्र्य घटनेने नागरिकाला दिलेले आहे, आणि कंपनी काही नागरिक नव्हे. म्हणून परुळेकर दांपत्यही अर्जदार झाले. ‘सकाळ’च्या वाचकांनीही वेगळे अर्ज केले, हे विशेष. पाने आणि खप यांवरचे बंधन म्हणजे अभिव्यक्तीवरचेच बंधन, असे ठरवून न्यायालयाने तो आदेश आणि ज्या कायद्याखाली तो काढला होता तो कायदा, दोन्ही रद्द केले. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या खटल्यांत आजही या निकालाचा आधार घेतला जातो.

सरकारशी लढताना उपयोगी पडलेली ही घरची मालकी नंतर घरातच वादाला कारण झाली. १९७३ साली परुळेकर गेले. १९८५ मध्ये कंपनीची सूत्रे शरद पवारांचे धाकटे बंधू प्रतापराव पवार यांच्याकडे आली. संपादकाच्या कंपनीत आता राजकारणातल्या बड्या घराण्याचे नाव आले आणि पुण्यात त्याची चर्चा होणे अटळच होते. शेअर्सच्या हस्तांतराला परुळेकरांच्या कन्येने आव्हान दिले आणि ‘सकाळ पेपर्स’ हे नाव पुन्हा सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. त्या खटल्याचा निकाल लागायला २००५ साल उजाडले.

तोवर कंपनी पुण्यापुरती उरली नव्हती. शेतकऱ्यांसाठीचे ‘ॲग्रोवन’ हे दैनिक तिने काढले, आणि गोव्याचा ‘गोमन्तक’ही आज याच समूहात आहे.