धडधडीला लगाम श्वासाचा

टोकियो ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीच्या थेट प्रक्षेपणात खेळाडूंच्या हृदयाचे ठोकेही पडद्यावर दाखवले गेले. वरून शांत दिसणाऱ्या तिरंदाजाची छातीही बाण सोडण्यापूर्वी किती धडधडते, हे घरबसल्या प्रेक्षकांनी पाहिले. हीच धडधड खुद्द खेळाडूला दाखवून ती आवरायला शिकवण्याच्या पद्धतीला 'बायोफीडबॅक' म्हणतात.

स्पर्धेची भीती वाटली की ॲड्रिनलिन वाढते. नाडी पळते, तळहाताला घाम येतो, खांदे आखडतात. धावपटूला यातला थोडा ताण उपयोगी पडतो. नेमबाजाचे मात्र गणित बिघडते. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटरचा असतो. तिथे नाडीच्या ठोक्याने बसणारा हलका हादराही महागात पडतो.

यंत्र काय करते?

बोटाला, छातीला किंवा त्वचेला संवेदक लावून नाडी, श्वास, घाम, स्नायूंचा ताण यांचा आलेख पडद्यावर दाखवला जातो. यंत्र उपचार करत नाही. ते फक्त आरसा धरते. 'शांत हो' असे हृदयाला सांगून ते ऐकत नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्या ताब्यातही असतो. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना व्हेगस नसेच्या प्रभावाने मंदावतात. मिनिटाला साधारण सहा श्वासांच्या लयीत बहुतेक प्रौढांमध्ये हा चढउतार सर्वात ठळक होतो. प्रत्येकाची नेमकी लय थोडी वेगळी असते. ती आलेखावरून शोधता येते.

सराव आधी खुर्चीत बसून, मग रायफल हातात घेऊन, मग गोंगाटात केला जातो. काही आठवड्यांनी पडदा बंद करूनही शरीराची ती अवस्था ओळखता आली, तर शिक्षण पुरे झाले.

एक ऑलिंपिक, दोन वाटा

अभिनव बिंद्रा २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत सातवा आला. बीजिंगच्या तयारीत त्याने मानसशास्त्रज्ञ टिम हार्कनेस यांच्यासोबत बायोफीडबॅकचा सराव केला. २००८ मध्ये शेवटच्या नेमाआधी तो फिनलंडच्या हेन्री हॅकिनेनच्या बरोबरीत होता. त्याने १०.८ गुण घेतले आणि भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण मिळाले. हे यश एका यंत्राचे नव्हते. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती. पण मनाची तयारीही त्याने नेमाइतकीच घोटली होती.

त्याच बीजिंगमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जाँग-सू याला रौप्य आणि कांस्य अशी दोन पदके परत करावी लागली. त्याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडले. हे 'बीटा ब्लॉकर' गटातील औषध ठोके मंदावते, हाताचा कंप कमी करते. नेमबाजी आणि तिरंदाजीत त्यावर बंदी आहे. रक्तदाब किंवा अर्धशिशीसाठीही हे औषध दिले जाते. म्हणून या खेळांतल्या मुलांनी घरातल्या कुणाची गोळी घेऊ नये आणि आपण कोणता खेळ खेळतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मर्यादा ओळखाव्यात

या पद्धतीवरचे बरेच अभ्यास लहान गटांवर झालेले आहेत. चिंता कमी होण्यास तिची मदत होते, पण पदकाची हमी ती देत नाही. झोप उडणे, खेळच नकोसा होणे, सतत उदास वाटणे ही लक्षणे असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. व्यायाम करताना चक्कर, बेशुद्धी किंवा छातीत दुखणे असेल, अथवा कुटुंबात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असेल, तर ती धडधड 'टेन्शन'ची समजू नये; आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

यंत्र नसले तरी सुरुवात करता येते. मनगटावरची नाडी मोजावी. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे दहा मिनिटे रोज करावे. जोर लावू नये, गरगरल्यास थांबावे. मग नाडी पुन्हा मोजून वहीत लिहावी. स्पर्धेच्या आदल्या रात्री हे शिकून भागत नाही. नेमासारखाच श्वासही महिनोन्‌महिने घोटावा लागतो.