ट्रॅक्टरमधील शीतकाची गळती : निदान व दुरुस्ती

पेरणीच्या किंवा चिखलणीच्या दिवसांत सकाळी ट्रॅक्टर सुरू करण्यापूर्वी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी ओतणे, हा अनेक ठिकाणी नित्यक्रम झालेला दिसतो. वस्तुतः इंजिनाची शीतन प्रणाली ही बंद प्रणाली असते. तीत वारंवार पाणी घालावे लागणे हे जुन्या ट्रॅक्टरचे वैशिष्ट्य नसून गळतीचे लक्षण आहे. पाणी घालून पातळी भरून निघते, परंतु गळती झाकली जाते आणि पुढील मोठ्या बिघाडाची पायाभरणी होते. म्हणून भर घालण्यापूर्वी शीतक कोठे जाते, हे शोधणे आवश्यक आहे.

साध्या पाण्याची भर का घातक?

शीतक, म्हणजेच प्रचलित भाषेत कूलंट, हे सामान्यतः इथिलीन ग्लायकॉल, पाणी व गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. समप्रमाणातील मिश्रण सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. हिमाचल प्रदेश, काश्मीर यांसारख्या थंड प्रदेशांत त्यामुळे इंजिन ब्लॉक फुटण्यापासून वाचतो. उष्ण प्रदेशांत त्याचा अधिक उपयोग गंज व क्षार रोखण्यासाठी होतो. रोज पाणी मिसळत गेल्यास ही रसायने विरळ होतात. विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षारांचा थर रेडिएटरच्या नळ्यांत साचतो. अनेक ट्रॅक्टरांच्या इंजिनात सिलिंडरचे लायनर थेट शीतकाच्या संपर्कात असतात. इंजिनाच्या कंपनामुळे लायनरच्या बाह्य पृष्ठावर बुडबुडे निर्माण होऊन फुटतात व धातू कुरतडला जातो. संरक्षक रसायने नसल्यास कालांतराने लायनरला आरपार छिद्रे पडतात. अशा रीतीने होज पाइपाची किरकोळ गळती अखेरीस इंजिन उघडण्याच्या खर्चापर्यंत पोहोचते.

तपासणीपूर्वीची दक्षता

इंजिन गरम असताना रेडिएटरचे टोपण कदापि उघडू नये. टोपणामुळे प्रणालीत दाब राहतो व उत्कलनबिंदू वाढतो, ०.९ बार दाबाखाली साधे पाणीही जवळपास ११८ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. टोपण काढताच दाब नाहीसा होऊन हे द्रव एकदम उसळते व चेहरा, हात गंभीररीत्या भाजतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच जाड कापड ठेवून टोपण प्रथम अर्धे फिरवावे, उरलेला दाब जाऊ द्यावा व मग काढावे.

बाह्य गळतीचा शोध

प्रथम खरोखर गळती आहे काय, हे ठरवावे. रेडिएटर काठोकाठ भरल्यास शीतक तापून प्रसरण पावते व जादा भाग ओव्हरफ्लो नळीतून बाहेर पडतो. ती गळती नव्हे. थंड इंजिनावर योग्य पातळी राखून सलग तीन-चार दिवस रोजची घट व इंजिनाचे चाललेले तास वहीत नोंदवावेत. पातळी सातत्याने घटत असल्यास गळती निश्चित समजावी.

रात्री ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून इंजिनाखाली स्वच्छ पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग पाहावेत. शीतकाचा डाग हिरवट, निळसर किंवा गुलाबी असतो व त्यास किंचित गोड वास येतो. तेलाचा डाग चिकट व काळपट, तर डिझेल वासावरूनच ओळखू येते. डागाच्या सरळ वरचा भाग तपासावा. मात्र पंख्याच्या वाऱ्याने थेंब मागे उडतात, हे ध्यानात ठेवावे. वाळलेल्या शीतकाचे पांढरे वा रंगीत पापुद्रे आणि गंजाचे तांबूस ओघळ हेही गळतीचे विश्वसनीय पुरावे होत.

पुढील जागा क्रमाने पाहाव्यात :

१. वरचा व खालचा होज पाइप, विशेषतः क्लिपखालील भाग. पाइप दाबून पाहता फार मऊ लागल्यास किंवा भेगा दिसल्यास तो निकामी समजावा.
२. रेडिएटरच्या नळ्या, टाकीचे सांधे व तळाची निचरा तोटी.
३. पाण्याच्या पंपाखालील बारीक छिद्र. त्यातून थेंब येणे म्हणजे पंपाचे सील झिजल्याची सूचना होय. हे छिद्र कधीही बुजवू नये.
४. थर्मोस्टॅटच्या आवरणाचे गॅस्केट.
५. इंजिन ब्लॉकच्या बाजूस बसविलेली पत्र्याची गोल बुचे.
६. टोपणाचे रबर व स्प्रिंग. रबर कडक झाल्यास दाब टिकत नाही व शीतक नळीतून निघून जाते.

काही गळती केवळ दाब असतानाच प्रकट होते. तिच्यासाठी हातपंप व दाबमापक असलेले चाचणी उपकरण वापरावे. थंड इंजिनावर, टोपणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब देऊन १० ते १५ मिनिटे काटा पाहावा. काटा उतरत असेल व बाहेर कोठेही ओल दिसत नसेल, तर गळती इंजिनाच्या आत आहे, असा संशय घ्यावा.

अंतर्गत गळतीची लक्षणे

इंजिन तापल्यानंतरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणे; थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये अखंड बुडबुडे येणे किंवा वरचा होज लगेच ताठ होणे, ही हेड गॅस्केट जळाल्याची वा सिलिंडर हेडला तडा गेल्याची चिन्हे आहेत. डिपस्टिकवरील तेल दुधाळ दिसणे व तेलाची पातळी आपोआप वाढणे ही अधिक गंभीर बाब होय. पाणी तेलाहून जड असल्याने ते तळाशी बसते. म्हणून रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या ऑइल सम्पचा बूच सकाळी अलगद सैल करावा; तेलापूर्वी पाणी आल्यास लायनरची रबरी कडी, लायनर वा गॅस्केट यांतून गळती होत आहे, असे समजावे. असे इंजिन पुन्हा सुरू करू नये. पाणीमिश्रित तेलामुळे बेअरिंगे नष्ट होतात, आणि सिलिंडरमध्ये पाणी साचले असल्यास स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दुरुस्ती

होज पाइप बदलताना जोडनळीवरील गंज पॉलिश पेपरने काढावा. क्लिप नळीच्या उंचवट्यामागे बसवावी. तारेने बांधणे ही दुरुस्ती नव्हे. तांबे-पितळेच्या रेडिएटरला कुशल कारागीर डाग देऊ शकतो. प्लॅस्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरची टाकी तडकल्यास टाकी वा रेडिएटर बदलणेच श्रेयस्कर. पंप गळत असल्यास सील किंवा संपूर्ण पंप बदलावा व पट्ट्याचा ताण माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावा. टोपण बदलताना त्यावरील दाबाचा आकडा जुळवून घ्यावा. हेड गॅस्केटचे काम प्रशिक्षित यांत्रिकाकडूनच करून घ्यावे, कारण हेडचा सपाटपणा तपासणे व बोल्ट ठरावीक क्रमाने, ठरावीक बलाने आवळणे अनिवार्य असते.

रेडिएटरमध्ये हळद अथवा गळतीरोधक भुकटी टाकण्याचा उपाय सर्वत्र परिचित आहे. शेतातून घरापर्यंत येण्यास तो कदाचित उपयोगी पडेल. परंतु हाच गाळ बारीक नळ्यांतही अडकतो व इंजिन अधिक तापू लागते.

दुरुस्तीनंतर प्रणाली धुऊन घ्यावी. शीतक व निःक्षारित पाणी, म्हणजे बॅटरीत वापरतात ते पाणी, निर्मात्याने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून थंड इंजिनात भरावे. टोपण उघडे ठेवून इंजिन थंड अवस्थेतच सुरू करावे व मंद गतीवर चालवावे. थर्मोस्टॅट उघडून अडकलेली हवा निघाली, की पातळी पूर्ण करून टोपण लावावे. दोन प्रकारची शीतके केवळ रंग सारखा म्हणून एकत्र करू नयेत.

शेतात इंजिन तापल्यास

तापमानाचा काटा वर गेला, परंतु शीतक शिल्लक असेल, तर भार काढून इंजिन काही मिनिटे मंद गतीवर चालू द्यावे व नंतर बंद करावे. वाफ उसळत असेल किंवा शीतक सांडून गेले असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. शीतक पूर्ण निघून गेल्यास तापमान संवेदक कोरडा पडतो व काटा खाली दिसू शकतो. त्यावर विसंबू नये. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

जनावरांची सुरक्षितता

इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी आहे. काढलेले शीतक गोठा, हाळ, विहीर वा ओढ्याजवळ ओतू नये. ते झाकणबंद कॅनमध्ये, नाव लिहून, मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे आणि कार्यशाळेकडे सोपवावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

अवजारे भाडे केंद्रांतील ट्रॅक्टरवर चालक वारंवार बदलतात. प्रत्येक जण थोडे पाणी घालतो व एकूण घट कोणाच्याच लक्षात येत नाही. अशा प्रत्येक ट्रॅक्टरसोबत एक वही ठेवून दिनांक, इंजिनाचे तास व घातलेल्या शीतकाचे प्रमाण नोंदविण्याची सवय लावावी. हंगामापूर्वीच्या प्रशिक्षणात पुठ्ठ्याची चाचणी व दाबचाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. वहीतील सलग तीन नोंदी गळती उघड करतात, आणि त्या वेळी दुरुस्ती बहुधा एका होज पाइपाच्या किमतीत होते.