डोंगर खरा, भाव खोटा

जुलै महिना आला की आमच्या घरात टी.व्ही.चा ताबा तीन आठवडे 'टूर द फ्रान्स'कडे जातो. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हे सायकलचे वेड कुठून लागले असे पुष्कळजण विचारतात. २०१४ साली टूरची सुरुवात लीड्सहून झाली. तेव्हा तिथल्या मित्राच्या आग्रहावरून आम्ही दोन गाड्या भरून गेलो, डब्यात दशम्या आणि चटणी घेऊन. चार तास वाट पाहिली आणि शर्यत अर्ध्या मिनिटात डोळ्यांसमोरून निघून गेली! पण वेड लागायचे ते लागलेच. शिवाय आपल्याकडच्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे लहानपणापासून ठाऊक होते. टूरमधल्या घाटांच्या राजाला लाल ठिपक्यांची जर्सी मिळते, एवढाच काय तो फरक.

हे सगळे आरोग्य आणि अर्थ या पानावर कशाला, असे वाटेल. सांगतो. माझ्या भाच्याचे साडेपाचशे पौंड अशाच एका घाटात गेले, आणि त्याची सुरुवात माझ्यापासून झाली.

टूरमध्ये एकवीस टप्पे असतात. सपाट टप्प्यात दीडशे सायकलस्वार घोळक्याने जातात. पुढच्याच्या आडोशाने चालवले की मागच्याची सुमारे एक तृतीयांश ताकद वाचते, त्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरपर्यंत काहीच कळत नाही. डोंगराचा टप्पा वेगळा. आल्प द्युएझचा घाट पावणेचौदा किलोमीटरचा, एकवीस वळणांचा, सरासरी चढ आठ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की आठ मीटर वर. इथे वेग कमी होतो, आडोशाचा उपयोग फारसा राहात नाही, आणि ज्याच्या अंगात वजनाच्या मानाने जास्त ताकद तो पुढे जातो. म्हणून बघणाऱ्याला वाटते की डोंगराचा निकाल आधीच सांगता येईल. भाचा म्हणायचा, "मामा, डोंगर खोटं बोलत नाही."

ते खरेच आहे. पण डोंगर जे खरे सांगतो ते 'सगळ्यांत बलवान कोण' याबद्दल, 'टप्पा कोण जिंकणार' याबद्दल नव्हे. पुष्कळदा असे होते की सकाळीच पंधरा-वीस जणांची टोळी पुढे निघून जाते. एकूण क्रमवारीत ते बरेच मागे असतात, त्यामुळे पिवळ्या जर्सीवाल्याला त्यांची भीती नसते. त्याचा संघ त्यांना जाऊ देतो आणि स्वतःच्या माणसांची ताकद उद्यासाठी राखतो. मागे दोन पहिलवान एकमेकांशी झुंजत असतात आणि पुढे तिसराच कोणी हात वर करून रेषा ओलांडतो. टोळीला किती सूट मिळणार हे ठरते आदल्या दिवशीच्या थकव्यावर, उद्याच्या टप्प्यावर, दरीतल्या वाऱ्यावर आणि कुठल्या संघाला आज जिंकायचे आहे त्यावर. हे संघाच्या बसमध्ये ठरते, आपल्या सोफ्यावर नाही.

आता माझी करामत. १४ जुलै २०२२ ला टप्पा आल्प द्युएझवर संपणार होता. मी गंमत म्हणून टॉम पिडकॉकवर पाच पौंड लावले. अभ्यास वगैरे काही नाही, पोरगा लीड्सचा आणि आम्ही लीड्सला दशम्या खाल्ल्या, एवढेच कारण. गालिब्ये घाटाच्या उतारावर तो असा सुटला की बघताना माझ्या पोटात गोळा आला. तो पुढच्या टोळीत सामील झाला आणि जिंकला. मिळालेल्या पैशांतून सगळ्यांना जेवायला नेले, आणि ती गोष्ट पुढे वर्षभर मी येईल त्याला सांगत सुटलो. त्याआधी हरलेल्या पैजा मात्र कधी कुणाला सांगितल्या नाहीत. माणूस जिंकलेले तेवढे सांगतो, हे मटक्याच्या काळापासून चालत आले आहे.

त्या सप्टेंबरात भाचा एम.एस्सी.साठी इथे आला आणि पिडकॉकची कथा त्याने पहिल्याच रविवारी ऐकली. मुलगा हुशार, आकड्यांत तरबेज. पुढचा जुलै येईपर्यंत त्याने घाटांचे तक्ते केले, कोण किती वेळात चढला त्याच्या वह्या भरल्या. दहा-वीस पौंडांच्या दोन पैजा जिंकलाही. मग आला १९ जुलै २०२३, कुर्शेव्हेलचा टप्पा. वाटेत कोल द ला लोझ, उंची २३०४ मीटर, आणि काही ठिकाणी चढ वीस टक्क्यांच्याही वर. आदल्या दिवशी योनास विंगेगार्डने ताडे पोगाचारला दीड मिनिटाहून अधिक मागे टाकले होते. भाच्याचा हिशेब असा की पोगाचार आज जिवाच्या आकांताने हल्ला करणार आणि टप्पा घेणार. त्याने तीनशे पौंड लावले. नव्या खोलीच्या डिपॉझिटचे पैसे होते ते.

पोगाचार टप्प्याच्या सुरुवातीलाच पडला, आणि लोझच्या चढावर त्याची ताकद संपली. आपण संपलो असे त्याने संघाला रेडिओवर सांगितले ते जगाने ऐकले. भाच्याने घाईघाईने फोन काढला आणि शर्यत चालू असतानाच उरलेले अडीचशे विंगेगार्डवर लावले. त्याचे अनुमान चूक नव्हते. विंगेगार्डने पोगाचारला त्या दिवशी पावणेसहा मिनिटांनी मागे टाकले आणि टूर तिथेच जिंकली. पण टप्पा जिंकला पुढच्या टोळीतला ऑस्ट्रियाचा फेलिक्स गाल. विंगेगार्ड चौथा आला. म्हणजे त्या दिवशीचा सर्वांत बलवान माणूस भाच्याने बरोबर ओळखला आणि तरी सगळे पैसे गेले.

आम्हांला हे पंधरा दिवसांनी कळले, तेही त्याच्या मामीमुळे. "हा रात्री झोपत नाही, जेवताना फोन पालथा ठेवतो," ती म्हणाली. मला वाटले प्रेमप्रकरण असेल! तोवर त्याने मित्रांकडून उसने घेऊन आणखी दोनदा 'भरून काढायचा' प्रयत्न केला होता. नशिबाने त्यात तो बुडाला नाही, जेमतेम बरोबरीत सुटला. मी रागावणार होतो, पण पिडकॉक आठवला आणि गप्प बसलो.

त्या रात्री आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. व्यवसायाने मी हिशेबनीस, तेव्हा डोंगर बाजूला ठेवून भाव मांडले. इथे दुकानात भाव ६/४ असा लिहितात. म्हणजे चार पौंड लावले तर सहा नफा. याचा अर्थ असा की तो माणूस दहांतून चारपेक्षा जास्त वेळा जिंकणारा असेल, तरच तुमचा फायदा. नुसते 'तो जिंकेल' एवढे पुरत नाही. समजा एका टप्प्याला पहिल्याचा भाव ६/४, म्हणजे ४० टक्के. दुसऱ्याचा ३/१, म्हणजे २५. तिसऱ्याचा ९/१, म्हणजे १०. आणखी दोघे १९/१ ने, मिळून १०. मग दहाजण ३३/१ ने, मिळून साधारण २९. आणि वीसजण १००/१ ने, मिळून सुमारे २०. बेरीज करा. १३४ येते! जिंकणारा तर एकच, म्हणजे खरी बेरीज शंभरच हवी. वरचे चौतीस बुकीचे. आकडे माझे, समजण्यापुरते. पण एवढे सायकलस्वार यादीत असले की बेरीज फुगायला वेळ लागत नाही. या भावांना सगळ्यांवर त्या प्रमाणात पैसे लागले, तर पौंडातले सुमारे पंचवीस पेन्स बुकीकडेच राहतात. बँक अशी वजावट करू लागली तर आपण दुसऱ्या दिवशी खाते बंद करू. भाचा कागदाकडे बघत राहिला. त्याच्या सगळ्या वह्यांत ही बेरीज कुठेच नव्हती.

आणि त्याच्या वह्यांत जे होते ते बुकीलाही माहीत असते. कोणता घाट किती टक्क्यांचा, कोण कालच्या टप्प्यात थकला, हे सगळे भावात आधीच मुरलेले असते. जे कुणालाच माहीत नसते ते मात्र आपल्या पैशावर होते. २०१६ साली व्हेंटू पर्वतावर सोसाट्याच्या वाऱ्यामुळे शेवट सहा किलोमीटर खाली आणला, आणि तिथे गर्दीत मोटरसायकल थांबून धडक झाल्यावर पिवळ्या जर्सीतला क्रिस फ्रूम चक्क पायी पळत सुटला. २०१९ मध्ये इझेरां घाटापुढे गारा पडल्या, दरड कोसळली, आणि टप्पा मध्येच थांबवला. त्या टप्प्याला विजेताच नाही! अशा दिवशी पैजेचे काय होणार हे प्रत्येक बुकीच्या बारीक अक्षरांतल्या नियमांत असते, आणि ते आपण हरल्यावर वाचतो.

थोडे व्यवहाराचे. ब्रिटनमध्ये पैजेत जिंकलेल्या पैशावर प्राप्तिकर नाही, हे लोक कौतुकाने सांगतात. पण मग हरलेले कुठे वजाही करता येत नाही. एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डाने जुगार खेळता येत नाही, त्यामुळे पैसे थेट चालू खात्यातून जातात, आणि घरकर्जाच्या वेळी स्टेटमेंट तपासणाऱ्याला त्या ओळी दिसतात. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये जुगाराचे व्यवहार बंद करायचे बटण आहे. 'गॅमस्टॉप'मध्ये नाव नोंदवले की परवानाधारक ऑनलाइन बुकी सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षे तुम्हांला खेळू देत नाहीत. भाच्याने पाच वर्षांचे निवडले, मी न सांगता. झोप उडाली असेल, उसने वाढत असेल, तर 'गॅमकेअर'कडे फोनवर बोलता येते आणि एन.एच.एस.ची यासाठी वेगळी क्लिनिक्स आहेत. आपल्याकडे हा आजार म्हणून कोणी सांगत नाही. "पोरगा वाया गेला" म्हणतात आणि आईवडिलांपासून लपवतात. भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, मी स्वतः फोन करून सांगितले. पिडकॉकसकट.

डिपॉझिटचे साडेपाचशे मी दिले, बिनव्याजी पण लेखी. शनिवार-रविवारच्या नोकरीतून महिना पन्नास करत त्याने अकरा महिन्यांत फेडले.

टूर आम्ही अजून बघतो. आता प्रत्येकजण सकाळी एक नाव फ्रिजवरच्या कागदावर लिहितो, आणि ज्याचे चुकेल त्याने भांडी घासायची. २२ जुलै २०२५ ला टप्पा पुन्हा व्हेंटूवर होता. भाच्याने पोगाचार लिहिला, मी विंगेगार्ड. मामीने लिहिले, 'कुणीतरी फ्रेंच. बिचाऱ्यांना यंदा एकही टप्पा मिळाला नाही.' हे नियमात बसत नाही असे भाच्याने सांगून पाहिले. संध्याकाळी व्हॅलेंटिन पारे-पेंत्र नावाचा फ्रेंच मुलगा पुढच्या टोळीतून निघून माथ्यावर पहिला पोचला. भांडी आम्ही दोघांनी घासली, कुकरसकट.