पुळणीवरची घोडागाडी

शनिवार-रविवारची सुटी साधून मुंबईकडील मंडळी डहाणूस जातात. डहाणू रोड किंवा घोलवड स्थानकावर उतरावें, चिकूच्या वाड्यांमधून समुद्र गांठावा, सुरूच्या सावलींत शिदोरी सोडावी आणि ऊन कललें म्हणजे घोडागाडींत बसून पुळणीवरून लांबवर फेरी मारावी, असा साधारण कार्यक्रम असतो. चार-सहा कुटुंबें एकत्र आलीं कीं तीन-चार गाड्या एकामागून एक निघतात, मुलें पुढच्या गाडीशीं शर्यत लावा म्हणून हट्ट धरतात, आणि वडील माणसेंही ‘अजून थोडें पुढें’ असा आग्रह करूं लागतात. हा आग्रह टांगेवाल्यास सहसा मोडवत नाहीं; कारण पावसाळ्याचे चार महिने घोड्यास बसून खाऊं घातलेलें त्याला याच दिवसांत भरून काढावयाचें असतें. घोड्यास तर कोणी विचारीतच नाहीं. म्हणून गाडींत बसणाऱ्यानेंच वाळू ओझें कशी पेलते, समुद्र वाट केव्हां देतो व केव्हां परत घेतो आणि घोड्याची शक्ति कोठें संपते, हें समजून घेणें अवश्य आहे.

डहाणूपासून उत्तरेस नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी अशीं गांवें किनाऱ्यानें लागतात. त्यांच्यापुढें तलासरी तालुक्यांतील झाई, आणि तिच्यापलीकडे गुजरातची हद्द. तलासरीचा बाकीचा मुलूख डोंगर-रानाचा. समुद्राची व त्याची गांठ झाईपाशींच काय ती पडते. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला, तोंवर हे दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्यांत मोडत असत. या किनाऱ्याचा उतार मंद आहे. शिवाय मुंबईहून उत्तरेस खंबायतच्या आखाताकडे जावें तसतसें भरती व ओहोटी यांच्या पातळींतील अंतर वाढत जातें. उतार मंद आणि पाण्याची चढउतार मोठी, म्हणून ओहोटींत समुद्र दूरवर हटतो व रुंद पट्टा उघडा पडतो. हा पट्टा सगळा सारखा मात्र नसतो. कोठें वाळू, कोठें खडक, आणि खाडीच्या तोंडाशीं चिखल.

वाळूचे तीन प्रकार एकाच पुळणीवर थोड्या थोड्या अंतरानें आढळतात. भरतीच्या रेषेच्या वर ती कोरडी व भुसभुशीत असते. तिचे कण एकमेकांस धरून राहत नाहींत. चाक त्यांत रुततें आणि पुढें वाळूचा ढीग सारीत चालतें, म्हणजे गाडी सपाटीवर असूनही चाक सदोदित चढच चढत असतें. उलट, पाण्याच्या अगदीं कडेला, लाट नुकतीच ओसरलेल्या जागीं, वाळू पाण्यानें तुडुंब भरलेली असते आणि कण ओझ्याखालीं निसटूं पाहतात. या दोहोंच्या मधें ओलसर पण न चकाकणारा जो पट्टा असतो तोच गाडीचा रस्ता होय. तेथें कणांच्या सांध्यांत पाण्याचा बारीक थर असतो, उरलेल्या पोकळींत हवा असते, आणि पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण कणांस एकमेकांकडे ओढून धरतो. मुलें वाळूचे किल्ले रचतात ते याच ताणाच्या बळावर. कोरड्या वाळूचा किल्ला उभा राहत नाहीं आणि फार भिजलेल्या वाळूचा वाहून जातो.

ओल्या वाळूवर पाऊल पडतांच त्याच्या भोंवतीं क्षणभर कोरडें, पांढुरकें वलय उमटतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. दाबामुळें पाणी पिळून निघालें, असें सामान्यतः वाटतें. वास्तविक प्रकार वेगळा आहे. लाटांनीं घट्ट बसविलेले कण दाबाखालीं हलतात तेव्हां त्यांना पहिल्यापेक्षां अधिक जागा लागते. त्यांच्यामधील पोकळ्या वाढतात आणि वरचें पाणी आंत शोषलें जातें. ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्लंडांतील शास्त्रज्ञानें १८८५ सालीं वाळूचा हा गुण विशद केला. गाडी हांकणाऱ्याच्या दृष्टीनें त्याचा अर्थ सोपा आहे. घोड्याच्या खुराभोंवतीं वलय उमटलें तर जमीन घट्ट. उलट पाणी वर उमळून आलें तर ती पोकळ समजून गाडी वळवावी.

आतां ओढीचा हिशेब पाहावा. टांगा २५० किलोचा धरला आणि हांकणाऱ्यासह पांच माणसांचे ३०० किलो धरले, तर एकंदर भार ५५० किलो होतो. पक्क्या सडकेवर गाडी चालती ठेवण्यास भाराच्या चाळिसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारें १४ किलोंची ओढ पुरते. भुसभुशीत कोरड्या वाळूंत हीच ओढ ढोबळ मानानें भाराच्या पांचव्या हिश्शावर, म्हणजे ११० किलोंवर जाते. घोडा दीर्घ वेळ जी ओढ सोसूं शकतो ती त्याच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ३०० किलोंच्या तट्टाला ती ३० किलो पडेल. म्हणजे सडकेवर जें काम त्याला निम्म्या शक्तीचें, तेंच कोरड्या वाळूंत साडेतीन पटींहून अधिक होतें. घोडा थोडा वेळ याहूनही जास्त ओढून दाखवितो, आणि नेमकी तेथेंच बसणाऱ्यांची फसगत होते. गाडी चालली आहे एवढ्यावरून ती घोड्यास झेपते आहे असें त्यांना वाटतें. सुरूच्या बनापासून ओलसर पट्ट्यापर्यंतचें अंतर थोडेंसेंच असतें. तेवढें सर्वांनीं चालत जावें आणि गाडींत तेथें बसावें. परततांनाही तसेंच. सबंध सहलींत याहून स्वस्त दया दुसरी नाहीं. रुंद रबरी धावेचें चाक लोखंडी धावेच्या अरुंद चाकापेक्षां कमी रुततें, आणि मोठें चाक लहानापेक्षां सोपें जातें, हेंही गाडी निवडतांना पाहावें.

घट्ट वाळूचा पट्टा केव्हां उघडा पडेल हें शनिवार-रविवारवर अवलंबून नसून तिथीवर असतें. कोंकणच्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आला आहे. तिथीचा आंकडा घेऊन त्याची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितके वाजतां पूर्ण भरती. पंचमीस पावणेचार, अष्टमीस सहा, पौर्णिमेस व अमावास्येस सव्वाअकरा. घड्याळाच्या कांट्याशीं तो तंतोतंत जुळत नाहीं, व ठिकाणपरत्वें कांहीं मिनिटांचा फरक पडतो. पण बेत आंखण्यास तो पुरेसा आहे. भरतीनंतर सहा तासांवर थोडी मिनिटें गेलीं कीं पूर्ण ओहोटी येते. यावरून असें निघतें कीं, पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी पहांटे व संध्याकाळीं साडेपांचाच्या आगेमागें पडते. त्याच दिवसांत उधाण असल्यामुळें पाणी अधिक दूर हटतें, आणि वेळही थंडाव्याची असते. अष्टमीच्या सुमारास मात्र भांग असते. पाणी फारसें चढत नाहीं व फारसें उतरतही नाहीं, आणि ओहोटी येते ती ऐन बारा वाजतां. अष्टमीच्या शनिवारीं डहाणूस जाऊन घोडागाडीचा हट्ट धरणें म्हणजे अरुंद पट्टा, रणरणतें ऊन आणि शिणलेला घोडा या तिन्हींस एकदम आमंत्रण देणें होय. ही ओहोटी दुसऱ्या दिवशीं सुमारें पन्नास मिनिटें उशिरा येते. शनिवारीं जी वेळ साधली तीच रविवारीं धरली तर चुकते, आणि दोन दिवसांच्या सहलींत ही चूक फार होते.

ओहोटी पूर्ण होण्याच्या दीड-दोन तास आधीं निघावें आणि पाणी फिरतांच तोंड माघारी वळवावें. भरती नेहमीं समोरून, दिसेल अशीच येते, हा समज धोक्याचा आहे. पुळणीवर उंचवटे व खळगे असतात. पाणी आधीं खळग्यांतून व ओढ्यांच्या तोंडांतून आंत शिरतें. पुढचा उंचवटा कोरडा दिसत असतांच मागची वाट भरलेली असूं शकते. झाईकडे जातांना वाटेंत लहान-मोठे ओहोळ समुद्रास मिळतात; जातांना खूर भिजविणारें पाणी येतांना आंसापर्यंत चढलेलें आढळेल.

ओहोटीच्या वेळेवर गाड्या चालविण्याची ही विद्या डहाणूचीच नव्हे. रायगड जिल्ह्यांत अलिबागेचा कुलाबा किल्ला समुद्रांत आहे. ओहोटी असली म्हणजे प्रवाशांस टांग्यानें किल्ल्यापर्यंत नेतात व भरतींत होडीनें. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर कुक्सहाफेन गांवाहून न्यूवेर्क नांवाच्या बेटास उंच चाकांच्या घोडागाड्यांतून, उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून जाण्याचा प्रघात शंभर वर्षांहून जुना आहे. तेथें गाड्या एकत्र काफिल्यानें जात आल्या आहेत, म्हणजे एखादी रुतली तर दुसरी मदतीस असते.

काफिल्याचे फायदे आहेत तसे त्याचे धोकेही आहेत. घोडा हें कळपाचें जनावर. पुढचा घोडा दौडूं लागला कीं मागच्यास चाबूक लागत नाहीं. तो आपण होऊन धांवतो व थकला तरी थांबत नाहीं. म्हणून मुलांनीं कितीही सांगितलें तरी शर्यत लावूं नये, आणि दोन गाड्यांमधें निदान दोन गाड्यांइतकी जागा मोकळी राखावी. समुद्राची ज्याला संवय आहे असा वयस्क घोडा पुढें ठेवावा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळें त्याला जवळजवळ सभोंवार दिसतें. मात्र अगदीं नाकासमोरचें व शेपटीमागचें दिसत नाहीं. नवख्या घोड्यास ओसरती लाट म्हणजे पायांखालची जमीनच सरकते आहे असें वाटतें, व तो बाजूला उडी घेतो. डोळ्यांवर झापडें असतात तीं यासाठींच. पण त्यांमुळें मागून येणारें माणूसही त्याला दिसत नाहीं, म्हणून मुलांस घोड्याच्या मागून जाऊं देऊं नये. गाडी वळवितांना मोठा वळसा घ्यावा. जागच्या जागीं वळविली तर एक चाक वाळूंत भोंवरा करून रुततें आणि सगळा पीळ घोड्याच्या खांद्यावर येतो.

या बाबतींत सरकारी नियमही आहेत. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यास अनुसरून १९६५ सालीं ओझ्याच्या जनावरांसंबंधीं नियम झाले. गाडीवान व सहा वर्षांखालील मुलें वगळून चारांहून अधिक माणसें गाडींत बसवूं नयेत. जनावरास दिवसांत नऊ तासांहून अधिक व विश्रांतीवांचून सलग पांच तासांहून अधिक राबवूं नये. उष्णता ३७ अंशांवर असेल तेथें दुपारीं १२ ते ३ जुंपूं नये. कांटेरी लगाम वापरूं नये. चारांऐवजीं सहा माणसें दाटीनें बसलीं म्हणजे भाड्याची बचत होते खरी, पण ती कोणाच्या पाठीवर होते हें उघड आहे. मुंबईंत शौकाच्या व्हिक्टोरिया गाड्यांचें काय झालें तेंही लक्षांत ठेवण्याजोगें आहे. २०१५ च्या जूनमध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्या बेकायदेशीर ठरवून वर्षभरांत बंद करण्याचा हुकूम दिला, आणि गाडीवानांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास सरकारास सांगितलें. घोड्यांचे हाल थांबावेत हें योग्यच; पण ज्या कुटुंबांचें पोट त्या गाडीवर होतें त्यांना दुसरा धंदा एका दिवसांत येत नाहीं. किनाऱ्यावरच्या टांगेवाल्यांवर ती पाळी यावयाची नसेल, तर घोडा धडधाकट दिसला पाहिजे, आणि तें निम्में गिऱ्हाइकाच्या हातीं आहे.

घोडा हें कोंकणचें मूळचें जनावर नव्हे. पूर्वीं तो अरबस्तानाकडून गलबतांतून येई. मार्को पोलो या तेराव्या शतकांतील प्रवाशानें ठाण्याच्या राजाविषयीं लिहून ठेवलें आहे कीं, त्यानें समुद्रावरील चांच्यांशीं करार केला होता. लुटींत सांपडलेले घोडे तेवढे राजाचे, बाकीचा माल चांच्यांचा. पुढें मुंबई वाढली व तेथील तबेल्यांस चारा लागूं लागला, तेव्हां डहाणू-तलासरीकडील डोंगरांतलें गवत कापून, दाबून तिकडे जाऊं लागलें. तें गवत कापणारे हात वारल्यांचे. १९४५ सालीं किसान सभेच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं संप केला तो याच कापणीच्या मजुरीसाठीं. ५०० पौंड गवतामागें अडीच रुपये, एवढीच मागणी होती. त्यासाठीं तलवाड्यास गोळीबार झाला व माणसें मेलीं.

गवत पुळणीवर पसरून घोड्यापुढें टाकूं नये. त्याबरोबर वाळू पोटांत जाते, आंतड्यांत सांठते आणि पोटशूळ उठतो. घोड्यास वांती होत नसल्यामुळें हा रोग पुष्कळदां जिवावर बेततो. चंदी तोबऱ्यांतून द्यावी. समुद्राच्या पाण्यास तोंड लावूं देऊं नये. गोडें पाणी बादलीभर नव्हे, तर दिवसाकाठीं २५ ते ४० लिटर, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक लागतें. फेरी संपली म्हणजे साज उतरून तंगाखालचें व छातीपट्ट्याखालचें अंग प्रथम पाहावें; घामाचें मीठ, समुद्राचें मीठ आणि वाळूचा कण यांनीं कातडें तेथेंच सोलवटतें. पाय गोड्या पाण्यानें धुवावेत, खुरांतील वाळू व शिंपल्यांचे तुकडे काढावेत, नाल हलतो कीं काय पाहावा. कातडी साज व गाडीचा आंस यांनाही गोडें पाणी व मागाहून तेल लागतें. या सर्वांस तासभर जातो. मंडळींची गाडी चुकत नसेल तर तेवढा वेळ मुलांना तेथेंच बसूं द्यावें. बादली धरण्यास कोणी तरी लागतेंच.