‘पाखंड’ : धर्मशास्त्रातील संज्ञा आणि व्यवहारातील शब्द

मराठीत ‘पाखंडी’ हे विशेषण फार सैलपणे वापरले जाते. नास्तिक, रूढिभंजक, ढोंगी बुवा आणि धर्मांतर केलेली व्यक्ती अशा परस्परभिन्न माणसांना ते सारखेच लावले जाते. बोलण्याच्या ओघात हे खपून जाते. परंतु ख्रिस्ती धर्मशास्त्रातील ‘हेरेसी’ या संज्ञेचा पर्याय म्हणून हाच शब्द योजला, की अर्थाचा घोटाळा होतो. पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार करताना हा घोटाळा विशेष बाधक ठरतो.

या दोन्ही शब्दांचा पूर्वेतिहास एकमेकांशी मिळताजुळता आहे. ग्रीक ‘हैरेसिस’ म्हणजे निवड, आणि त्यावरून स्वीकारलेला मतपंथ. ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील ग्रंथात सदूकी व परूशी यांच्या पंथांसाठी हाच शब्द येतो. अशोकाच्या शिलालेखांतील ‘पासंड’ हा शब्दही कोणत्याही धर्मपंथाचा वाचक आहे. बाराव्या शिलालेखात तर सर्व पासंडांचा आदर करावा, असा उपदेश आहे. पुढे स्मृतिपुराणांत ‘पाषंड’ म्हणजे वेदबाह्य असा अर्थ रूढ झाला, आणि चर्चच्या परंपरेत ‘हैरेसिस’ म्हणजे सत्यापासून ढळलेले मत ठरले.

येथून मात्र दोन्ही शब्दांच्या वाटा वेगळ्या होतात. वेदबाह्य म्हणजे बाहेरचा. ‘हेरेटिक’ मात्र आतलाच असावा लागतो. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार, बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने श्रद्धेचे अनिवार्य सत्य हट्टाने नाकारणे किंवा त्याविषयी हट्टाने संशय धरणे म्हणजे ‘हेरेसी’ होय. ख्रिस्ती श्रद्धेचा संपूर्ण त्याग हा ‘धर्मत्याग’, तर पोपची अधीनता नाकारणे ही ‘फूट’. हे दोन दोष संहितेने वेगळे मानले आहेत. म्हणूनच ज्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही, असा हिंदू किंवा बौद्ध या अर्थाने पाखंडी ठरू शकत नाही. केवळ अज्ञानाने झालेली चूकही या व्याख्येत बसत नाही. हट्ट हा तिचा आवश्यक घटक आहे. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने ज्याचे मत त्याज्य ठरविले, तो एरियस हा अलेक्झांड्रियाच्या चर्चमधील धर्मगुरूच होता. ज्या मतभेदाने चर्च हादरले, तो घरातला होता.

या पार्श्वभूमीवर रमाबाईंचे उदाहरण पाहावे. सप्टेंबर १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हिंदू समाजाच्या दृष्टीने हा धर्मत्याग होता, आणि १८९३ मध्ये शारदासदनाविषयी पुण्यात उठलेल्या वादळामागेही धर्मांतराचा संशय होता. परंतु दुसरा संघर्ष चर्चच्या आत चालला होता. सिस्टर जेराल्डीन व डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या १८८५ च्या पत्रव्यवहारात रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांताविषयी प्रश्न विचारतात. पुरोहितवर्गाचे एक जोखड टाकून दिल्यावर तशाच प्रकारचे दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नाहीत. ख्रिस्तावरील श्रद्धा त्या सोडत नाहीत. पण धर्माधिकाऱ्यांचा शब्द म्हणजे देवाची आज्ञा, हे त्यांना मान्य नाही. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि तो १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

वाँटेजचा मठ अँग्लिकन होता. त्याला कॅथलिक संहिता लागू नव्हती. तरीही अधिकाराचा प्रश्न तोच होता. गुरुस्थानी असलेल्या जेराल्डीन यांना रमाबाईंच्या प्रश्नांत अहंकार व आज्ञाभंग दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने तो सदसद्विवेकबुद्धीचा हक्क होता. शिकण्याच्या वाटेवरील शंका कोठे संपते आणि हट्ट कोठे सुरू होतो, हे ठरविणार कोण, हाच या वादाचा गाभा आहे.

रमाबाईंवरील दोन्ही आरोपांना ‘पाखंड’ हे एकच नाव दिले, तर हा गाभा निसटतो. पुण्यातील आक्षेप धर्म सोडल्याबद्दल होता. वाँटेजमधील आक्षेप स्वीकारलेल्या धर्मात राहून स्वतंत्र विचार केल्याबद्दल होता. एका ठिकाणी त्या बाहेर गेलेल्या ठरतात, तर दुसऱ्या ठिकाणी आत असूनही न वाकणाऱ्या. त्यातच ‘पाखंडी’ शब्दाला आज चिकटलेला ढोंगीपणाचा अर्थ मिसळला, तर अन्याय अधिकच वाढतो. दांभिक मनुष्य मनात नसलेली श्रद्धा मिरवतो; रमाबाईंनी मनातील शंका लपवली नाही, म्हणून तर वाद झाला.

म्हणून अभ्यासकाने धर्मत्याग, पाखंड आणि दांभिकता हे तीन शब्द वेगळे राखणे आवश्यक आहे. कोणाही लेखकाला पाखंडी म्हणण्यापूर्वी तो कोणत्या घराच्या आत उभा आहे, हे पाहावे लागेल. ते घर सोडून गेलेल्यापेक्षा, घरातच राहून प्रश्न विचारणाऱ्याची कहाणी निराळी असते.