'बारा-दहा'ची गाडी आणि कापडाचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीतला एक तरुण कारखानदार दुकानी आला. चोवीस मागांचा धनी, हुशार मुलगा. बसल्या बसल्या म्हणाला, "चाचा, २००६ चा सोळा-तेरा मिळतोय. भावही बराच उतरलाय. घेऊन टाकू? बालोतऱ्याचे भाडे तरी वाचेल."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. चहा मागवला आणि त्याला विचारले की गाडी कोणत्या रस्त्याला चालवणार, दुरुस्ती कोण करणार आणि गाडीत भरलेला माल कोणाचा असणार. शेवटच्या प्रश्नावर तो हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण या प्रश्नाची किंमत आमच्या घराने एकदा मोजलेली आहे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण आज याच विचारात असतील, म्हणून आमचा तजुर्बा येथे मांडतो.

आम्ही मालेगावचे. माग शुक्रवारी बंद, म्हणून गुरुवारी रात्रीपर्यंत गाठी भरून गाडी काढायची, ही आमची जुनी रीत. १९९६ साली अब्बांनी एक वापरलेला टाटा १२१० घेतला. ट्रकच्या लाइनीत त्याला 'बारा-दहा' म्हणत. या आकड्यांचा अर्थ आमच्या व्यापारी बांधवांना बहुधा ठाऊक नसतो. पहिले दोन आकडे म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन किती टन, आणि पुढचे दोन म्हणजे इंजिनाची ताकद, दहा हॉर्सपॉवरच्या मापात. म्हणजे बारा टन आणि सुमारे शंभर हॉर्सपॉवर. सोळा-तेरा म्हणजे सोळा टन, एकशे तीस. इंजिनाच्या नावातही असाच हिशेब असे. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९२ मिलिमीटर. पुढे ६९७ आले, त्याचा व्यास ९७ मिलिमीटर आणि एकूण माप ५.६७ लिटर. चार सिलिंडरचे ते ४९७. नावावरूनच मिस्त्रीला कोणती रिंग, कोणता पिस्टन मागवायचा ते कळे.

या गाड्यांचे मूळ जर्मनीचे. टेल्को कंपनीने १९५४ साली डायमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला सुरुवात केली. करार १९६९ साली संपला आणि जाळीवरचा तीन टोकांचा तारा जाऊन तेथे टाटांचे अक्षर आले. तरी आमचे जुने ड्रायव्हर कितीतरी वर्षे 'मर्सिडीज' असेच म्हणत. दक्षिणेकडून लेलँड येत. त्यांचे ४०० नंबरचे इंजिन म्हणजे ४०० घन इंच, साडेसहा लिटरचे. ओझ्याला ती गाडी चांगली, पण आमच्या आग्रा रोडवर मिस्त्री मिळे तो टाटाचा, आणि व्यापाऱ्याने गाडी घ्यावी ती मिस्त्री बघूनच.

आता या इंजिनाची खरी दौलत कशात होती ते सांगतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. हवा दाबून तिचे माप सुमारे सतराव्या हिश्शावर आणले की ती इतकी तापते की त्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हे फवारण्याचे काम पंप आणि नोझल करतात. जुन्या पंपात सहा सिलिंडरसाठी सहा प्लंजर एका रांगेत, इंजिनाच्याच गिअरवर फिरणारे. नोझल साधारण २०० बार दाबाला उघडे. या सगळ्यात विजेचे काही काम नाही. बॅटरी फक्त स्टार्टरपुरती. आमचा ड्रायव्हर बॅटरी कमजोर असली की रात्री गाडी उतारावर लावून झोपे. सकाळी क्लचवर दोन हात पुढे सरकवली की चालू. डिझेल संपून लाइनीत एअर धरली, तर पाना घेऊन नळीचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, फेस जाऊन नितळ डिझेल आले की स्क्रू आवळायचा. पंधरा मिनिटांचे काम, आणि क्लीनरचा पोरगाही ते करी.

पंप बिघडलाच तर तो उतरवून पंप-नोझलवाल्याकडे न्यायचा. हे पंप बहुतेक मायको कंपनीचे, बंगळूरचे. नोझल आमच्या जिल्ह्यातच, नाशिकला सातपूरला बनत. आमचे उस्ताद टेस्ट बेंचवर पंप चढवून सहाही काचेच्या नळ्यांत डिझेल समान पडते की नाही ते बघत. एका नळीत कमी-जास्त पडले की म्हणत, "सेठ, एक सिलिंडर फुकट खातंय." शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. आज सत्तरी ओलांडली आहे.

पण आम्ही जुन्या गाडीचे फक्त गुण गाणार नाही. १९९८ साली पावसाळ्यात आमची गाडी कसारा घाट उतरत होती. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली. ही सवय तेव्हा सर्रास होती आणि मालकांना आवडायचीही. आम्हीही कधी हटकले नाही. सगळा भार ब्रेकवर आला, ड्रम तापले आणि अर्ध्या घाटात ब्रेक धरेनासा झाला. त्याने शहाणपणाने गाडी दरीकडे न जाऊ देता डोंगराला घासली. त्याचा पाय मोडला. गाठी चिखलात पडल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक गाठी आमच्या नव्हत्या, शेजारच्या तीन कारखानदारांच्या होत्या. अब्बांनी त्यांचे पैसे दोन वर्षे हप्त्याने फेडले. ड्रायव्हरला चार महिने अर्धा पगार दिला. तेव्हा आम्हाला ते पुष्कळ वाटले होते. आज वाटते, पूरा द्यायला हवा होता.

आणि गंमत अशी की न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतच नव्हते. गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पंपाचा गव्हर्नर डिझेल पूर्ण तोडतो, उतारावरची चाकेच इंजिन फिरवतात आणि इंजिन गाडीला रोखून धरते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडे डिझेल जळतच राहते. ही गोष्ट उस्तादांनी आम्हाला सांगितली ती अपघातानंतर. आधी आम्ही विचारलीच नव्हती. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुने सांगणे नव्या गाडीलाही लागू आहे.

जुनी गाडी त्या काळी पोसत होती त्याचे एक कारण इंजिनात नव्हते, रस्त्यावर होते. मुलुंडच्या जकात नाक्यावर रांग, राज्याच्या हद्दीवर विक्रीकराच्या नाक्यावर रांग. नवी गाडी असो की जुनी, दोघी सारख्याच उभ्या राहत. ताशी तीस चालणारी गाडी आणि पन्नास चालणारी गाडी यांत पोचण्याचा फरक फारसा पडत नसे. वेळ स्वस्त होता, दुरुस्ती स्वस्त होती, म्हणून जुनी गाडी फायद्याची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, विक्रीकराचे नाके उठले. मग वेगाला किंमत आली. पुढे १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागू झाले. सुरुवातीला दर १०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत होती. १ जानेवारी २०२१ पासून ती दर २०० किलोमीटरला एक दिवस झाली. आमच्याकडून बालोतऱ्याची खेप सुमारे ९०० किलोमीटर धरा. पूर्वी नऊ दिवस मिळत, आता पाच. गाडी वाटेत दोन दिवस मिस्त्रीच्या दारात उभी राहिली तर बिलाची मुदत संपायला येते. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्याच वेळात. दंड भरायची पाळी आली तर मालाच्या मालकाकडे काय तोंड दाखवणार?

डिझेलचा हिशेबही त्या मुलाला कागदावर करून दाखवला. आमच्या वहीप्रमाणे जुनी गाडी भरलेली असताना लिटरला साडेतीन देई, नंतरची साडेचार. ९०० किलोमीटरला २५७ लिटर आणि २०० लिटर. लिटर ९० रुपये धरले तर एका फेरीत पाच हजारांवर फरक, तोही फक्त जाण्याचा. भाव उतरलेल्या गाडीचा उतरलेला भाव असा सहा-आठ महिन्यांत वसूल होऊन जातो, फक्त तो आपल्या खिशातून होतो.

नव्या गाडीचे दुखणेही आम्ही भोगले आहे. २०१८ साली हप्त्यावर नवी घेतली. धूर स्वच्छ ठेवण्यासाठी तिच्यात एक वेगळी टाकी असते, युरियाच्या द्रावणाची. आमच्या ड्रायव्हरने पालनपूरच्या अलीकडे रस्त्यावरच्या कुठल्याशा पिंपातून ती भरली. दिवा लागला आणि इंजिनाने ताकद कमी केली. भरलेली गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागली. गावातला मिस्त्री आला, बॉनेटखाली बघून परत गेला. लॅपटॉप घेऊन माणूस आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. बारा-दहा असती तर रात्रीच निघाली असती, हे मान्य करावे लागेल. पण मान्य करूनही हिशेब नव्याच्याच बाजूला राहिला, कारण असे दोन दिवस वर्षात एकदा गेले, आणि जुनीचे दर महिन्याला जात.

याचे कारणही समजून घ्यावे. नव्या इंजिनात डिझेल १,६०० बार आणि त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते, आणि किती, कधी हे कॉम्प्युटर ठरवतो. एवढ्या बारीक कामाला डिझेलही तसेच लागते. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ३५० भागांपर्यंत चालत असे, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये १०. नव्वदच्या दशकात आग्रा रोडवर डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा धंदा किती चाले ते आमच्या पिढीला सांगायला नको. जुना पंप ते पिऊन कुरकुरत चाले, प्लंजर लवकर झिजत एवढेच. नवा पंप ते सहन करत नाही.

मग जुनी गाडी घेऊच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. ट्रकचे आयुष्य पायऱ्या उतरत जाते. आमच्या वेळी नॅशनल परमिटला वयाची मर्यादा होती, साध्या दोन ॲक्सलच्या ट्रकला १२ वर्षे आणि मल्टिॲक्सलला १५. मर्यादा ओलांडलेली गाडी राज्यात, मग जिल्ह्यात, मग गावात येई. आमची बारा-दहा २००९ नंतर फक्त सायझिंगमधून बीम आणि मागावरून कोरा कपडा गोदामात, एवढेच करी. दिवसाला वीस-तीस किलोमीटर. तेथे मायलेजचा फरक चहापाण्याइतका, बंद पडली तर उस्तादांचा पोरगा सायकलवर येई. अशा कामाला जुनी गाडी आजही खोटी नाही. मात्र पासिंगचा खर्च आधी धरावा. ऑक्टोबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने १५ वर्षांवरच्या जड गाडीच्या फिटनेसचा दर १,५०० वरून १२,५०० केला, १ एप्रिल २०२२ पासून. आजचा दर आरटीओत स्वतः विचारावा, दलालाच्या तोंडचा धरू नये.

आमची गाडी २०२३ साली भंगारात गेली. वजनावर गेली. उस्तादांनी फक्त पंप मागितला, आम्ही दिला. त्यांच्या दुकानात आता टेस्ट बेंच आठवड्यात दोन दिवस चालतो. ट्रॅक्टरचे आणि जनरेटरचे पंप येतात. धाकटा मुलगा नाशिकला कॉमन रेलचे काम शिकायला गेला, तेव्हा उस्ताद आधी रागावले होते. नोझलची सुई बोटाने ओळखणारा माणूस मशीनच्या आकड्यावर भरवसा कसा ठेवील, असे म्हणत. आता त्याच मुलाच्या पैशावर दुकानाचे भाडे निघते. पण थोरला ऐकायला तयार नाही, आणि आमच्या गॅरेजपट्टीत असे थोरले पुष्कळ आहेत. पंचविशीतला मुलगा आज फक्त जुना पंप शिकत असेल, तर त्याच्या वडिलांनी रात्री शांत झोपू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्या तरुणाला आम्ही सांगितले, बालोतऱ्यासाठी गाडी घेऊ नकोस, गाठी ट्रान्सपोर्टवाल्याकडे दे. गावातल्या कामाला घ्यायची असेल तर उस्तादांना घेऊन सकाळी जा, गाडी थंड असताना. विकणारा आधीच गरम करून ठेवतो. काळा धूर म्हणजे नोझल, हवेचा फिल्टर किंवा पंपाची सेटिंग, त्याला खर्च कमी. निळा म्हणजे ऑइल जळतेय, रिंगा गेल्या. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत असतील, तर हेड गॅस्केट. शिवाय सोळा-तेराला टर्बो आहे. मालकाचा ड्रायव्हर चढ चढून आल्या आल्या इंजिन बंद करणारा असेल, तर टर्बोची बेअरिंग तेलावाचून जळलेली असणार. दोन मिनिटे गाडी उभ्या जागी चालू ठेवायची सवय फार थोड्यांना आहे.

तो उस्तादांना घेऊन गेला. आम्हीही मागून स्कूटरवर गेलो, राहवले नाही. गाडी दिसायला झकास, नवा रंग, फाळक्यावर ताजी फुले काढलेली. उस्तादांनी रंगाकडे बघितलेच नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायची कॅप उघडली. आतून धापा टाकल्यासारखा धूर येत होता, थांबून थांबून. त्यांनी त्या मुलाचा हात धरून त्या तोंडावर ठेवला, वाफ लागू दिली, आणि कॅप परत लावली. बयाणा अजून दिलेला नव्हता.